पेडल दाबलं, पण नाक थांबेना

२७ ऑक्टोबर २०१८. इंग्लंडमधल्या लेस्टर सिटी क्लबचा फुटबॉल सामना संपल्यावर, रात्री, क्लबचे थाई मालक विचाई श्रीवद्धनप्रभा यांचं एडब्ल्यू-१६९ हेलिकॉप्टर स्टेडियमच्या मैदानातून उठलं. वर चढत असतानाच त्याचं नाक उजवीकडे वळायला लागलं. वैमानिकानं उलट पेडल दाबलं, तरी नाक थांबेना. साधारण ४३० फुटांपर्यंत जाऊन ते गरगरत स्टेडियमबाहेर कोसळलं. आतले पाचही जण दगावले.

या हेलिकॉप्टरचा मुख्य पंखा वरून पाहिला तर घड्याळाच्या उलट दिशेनं फिरतो, म्हणून धड उजवीकडे फिरू पाहतं. त्याला रोखतो शेपटीचा पंखा. त्याच्या पात्यांचा कोन वैमानिक पेडलनं कमीजास्त करतो. लेस्टरला हा पंखा फिरत होता. त्याच्या मधलं बेअरिंग मात्र जाम झालं, एरवी न फिरणारा नियंत्रणदांडा त्यासोबत फिरू लागला आणि जोड सुटला. पाती एका टोकाला जाऊन बसली, ती नको त्या बाजूला.

अशा वेळी करायचं काय? धड फिरवणारा जोर इंजिनाकडून येतो, म्हणून इंजिनाची शक्तीच काढून घ्यायची. जमिनीपासून चार-पाच फुटांवर तरंगत असाल तर थ्रॉटल बंद करून खाली बसायचं आणि टेकता टेकता कलेक्टिव्ह, म्हणजे मुख्य पंख्याच्या पात्यांचा कोन वाढवणारा दांडा, उचलायचा. उंची भरपूर असेल तर ऑटोरोटेशन: खालून येणाऱ्या हवेवर मुख्य पंखा फिरत राहतो. वेग चांगला असेल तर शेपटीचं उभं पातं नाक बरंचसं सरळ धरतं. अशा वेळी लांब धावपट्टी गाठून, बऱ्यापैकी वेग ठेवूनच उतरता येतं.

लेस्टरला वेग नव्हता, उंचीही अपुरी होती. या मधल्या पट्ट्यात सगळं ज्ञान तोकडं पडतं. तरीही वैमानिकानं शेवटी कलेक्टिव्ह उचलून आदळणं सौम्य करायचा प्रयत्न केला. आदळल्यानंतरही चौघे जिवंत होते. त्यांचा जीव नंतरच्या आगीनं घेतला.

म्हणून वैमानिकाकडे बोट दाखवणं मला अन्यायाचं वाटतं. २०२३ च्या ब्रिटिश चौकशी अहवालातली मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळीच आहे. चाचणी-उड्डाणांत या बेअरिंगवर प्रत्यक्ष किती भार येतो, याची आकडेवारी बेअरिंग बनवणाऱ्यांपर्यंत पोचलीच नव्हती. नियमानं ती देणं बंधनकारक नव्हतं.