रोमच्या माथी फुटलेली खापरं

पनवेलच्या खाडीतून बाहेर पडलं की न्हावा-शेव्याच्या पलीकडे घारापुरी दिसते. पर्यटक बोटीतून उतरून थेट लेणी गाठतात आणि शेवटच्या लाँचने परततात. मोराबंदर, राजबंदरच्या किनाऱ्याकडे फारसं कुणी फिरकत नाही. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांना बेटावर जुनं विटांचं बांधकाम आणि परदेशी रांजणांची खापरं सापडली, ती याच किनाऱ्यालगत.

असली खापरं महाराष्ट्राला नवी नाहीत. नेवाशाला डेक्कन कॉलेजने १९५४ ते १९५६ दरम्यान उत्खनन केलं, तेव्हाही ती मिळाली होती. भूमध्य समुद्राकाठची दारू आणि ऑलिव्हचं तेल दोन कानांच्या, निमुळत्या बुडाच्या ‘अँफोरा’ रांजणांतून यायचं. त्यामुळे जाड परदेशी तुकडा दिसला की त्यावर ‘रोमन’ अशी चिठ्ठी लागायची. रोमशी नातं निघालं की आपली कॉलर जरा ताठ होतेच!

रॉबर्टा टॉम्बर या अभ्यासक महिलेने भारतातले असे तुकडे पुन्हा तपासले. २००७ साली त्यांनी दाखवून दिलं, की रोमन समजली गेलेली कितीतरी खापरं मेसोपोटेमियाकडची, म्हणजे आजच्या इराकच्या बाजूची आहेत. ती ‘टॉर्पेडो जार’ची. हा रांजण लांबट, बिनकानाचा; माती फिकट पिवळसर. तुकडा उलटा केला की आतल्या अंगाला काळा थर दिसतो. तो डांबराचा. सच्छिद्र मडक्यातून दारू झिरपू नये म्हणून लावलेला.

हे डांबर कारखान्यातलं नव्हे, जमिनीतून आपसूक पाझरणारं. प्रत्येक झऱ्याच्या डांबराची रासायनिक ठेवण वेगळी असते, म्हणून त्यावरून गाव शोधता येतं. श्रीलंकेतल्या अनुराधपूरच्या खापरांवरच्या डांबराचा माग २००८मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात थेट इराणमधल्या सुसा परिसरापर्यंत लागला. खरा रोमन तुकडा ओळखायलाही मातीच कामी येते. नेपल्सच्या आखाताकाठी घडवलेल्या रांजणांत व्हेसुव्हियस ज्वालामुखीचे काळे कण असतात. खापराचा ०.०३ मिलिमीटर जाडीचा काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की ते ओळखू येतात.

पॅसिफिक बेटांवर हेच काम ऑब्सिडियन या ज्वालामुखीच्या काचेने केलं. न्यू ब्रिटन बेटावरच्या तलासिया भागातली ही काळी काच सुमारे ३००० वर्षांपूर्वी पूर्वेला फिजीपर्यंत आणि पश्चिमेला बोर्निओच्या साबापर्यंत गेली होती. तिथे लिखित पुरावा नाही. काचेतल्या रुबिडियम, स्ट्रॉन्शियम, झिर्कोनियमचं प्रमाण मोजूनच खाण ठरते.

कोकणाला निदान लिखित साक्ष आहे. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक खलाशी-मार्गदर्शकात कल्याण, सोपारा, चौल ही बंदरं येतात. कल्याणला चुकून शिरलेलं ग्रीक जहाज पहाऱ्यात भडोचला नेलं जाई, असंही त्याचा लेखक लिहितो. भडोचला उतरणाऱ्या मालात इटलीच्या दारूबरोबर अरबस्तानची दारूही आहे. पण हा लेखक एका काळाचा. टॉर्पेडो जारची ये-जा पुढेही कित्येक शतकं, अगदी नवव्या शतकापर्यंत चालली. त्यासाठी खापरांनाच बोलतं करावं लागतं.

पुण्यात ते काम विश्वास गोगटे यांनी केलं. डेक्कन कॉलेजमधल्या या रसायनतज्ज्ञाने ‘रूलेटेड वेअर’ची माती क्ष-किरणांनी तपासली. आतल्या बाजूला टिंबांची वलयं उमटवलेली ही गुळगुळीत थाळी. व्हीलरसारख्या पुरातत्त्वज्ञांनी तिचंही मूळ भूमध्य समुद्राकडे मानलं होतं. गोगट्यांनी १९९७मध्ये ते बंगालच्या चंद्रकेतुगढ-तामलुक भागात असल्याचं मांडलं. याच जातीच्या थाळ्यांचे तुकडे बालीच्या सेंबिरान गावीही सापडले आहेत.