परसबागेचे पाणी : मोजून द्यावे, झाकून राखावे

यवतमाळकरांना पाण्याची किंमत सांगावी लागत नाही. २०१८ मध्ये शहराला पाणी पुरविणाऱ्या निळोणा व चापडोह प्रकल्पांनी तळ गाठला आणि पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहण्याची वेळ आली. अशा वेळी अंगणातील वांगी-टोमॅटोंना पाणी घालणे म्हणजे चैन, असे कोणालाही वाटेल. परंतु परसबाग बंद करण्यापूर्वी थोडा हिशेब करून पाहण्यास हरकत नाही.

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. ऐन उन्हाळ्यात भाजीपाल्याला दिवसाला साधारण सहा मिलिमीटर पाणी लागते असे धरले, तर दहा चौरस मीटरच्या वाफ्याला रोज ६० लिटर, म्हणजे पंधरा लिटरच्या चार बादल्या हव्यात. शहरी पाणीपुरवठ्याचा माणशी निकष दिवसाला १३५ लिटरचा आहे. त्याच्याशी तुलना केली की ही मागणी लहान नाही, हे ध्यानात येते. नळी सोडून देऊन आपण घरात गेलो, तर याच्या दुप्पट-तिप्पट पाणी सहज वाहून जाते.

आपल्याकडील काळी माती या बाबतीत मोठी लहरी आहे. ती पाणी भरपूर धरून ठेवते, मात्र ते सावकाश मुरवते. कोरडी पडली की तिला भेगा पडतात आणि वरून ओतलेले पाणी मुळांना न भेटताच त्या भेगांतून खोल निघून जाते. उलट ती ओली होऊन फुगली की भेगा मिटतात, पाणी वाफ्यात साचते आणि मुळांना हवा मिळेनाशी होते. म्हणून भेगा पडण्याची वाट पाहू नये. चार बोटे खोल माती उकरून मुठीत दाबावी. तिचा घट्ट गोळा झाला तर त्या दिवशी पाण्याची गरज नाही. रोज थोडे शिंपडल्याने केवळ वरचा थर भिजतो व मुळे वरच राहतात. रोपे लहान असताना झारी ठीक. पुढे दोन-तीन दिवसांआड, पण खोलवर पाणी द्यावे. पालक, मेथी, सांभार यांची मुळे उथळ असल्याने त्यांना लवकर पाणी लागते, तर वांग्याला थोडी ओढ सोसते. टोमॅटोला मात्र कधी ओढ, कधी पूर असे चालत नाही. फळांचे बूड काळे पडून सडते.

पाणी सकाळी लवकर वा सायंकाळी, पानांवर न टाकता बुडाशी द्यावे. वाफा उघडा ठेवू नये. सोयाबीनचे कुटार आपल्या जिल्ह्यात मुबलक मिळते. त्याचा चार बोटांचा थर पसरला की उन्हाने उडणारे पाणी बरेचसे वाचते, भेगाही कमी पडतात.

वेलवर्गीय भाज्यांसाठी मडक्याची जुनी युक्ती आजही उपयोगी आहे. रंग न दिलेले पाच-सात लिटरचे मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरावे, पाण्याने भरून त्यावर झाकण ठेवावे आणि भोवती वीतभर अंतरावर कारले किंवा दोडका लावावा. माती कोरडी असेल तर मडक्यातून अधिक पाणी ओढले जाते, ओली असेल तर झिरपणे मंदावते. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने मडक्याची छिद्रे बुजतात, तेव्हा हंगामानंतर ते घासून घ्यावे वा बदलावे.

तांदूळ व भाज्या धुतलेले पाणी निःसंकोच वापरावे. कपड्यांच्या साबणाचे पाणी मात्र टाळलेले बरे, कारण त्यातील सोडियममुळे काळी माती आणखी चिवट होते.

राहिला प्रश्न पावसाचा. जिल्ह्यात वर्षाला नऊशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. शंभर चौरस मीटरच्या छतावर त्याचे नव्वद हजार लिटर पाणी होते. वरील वाफ्याची उन्हाळ्यातील तीन महिन्यांची गरज सुमारे ५,४०० लिटर! तेवढी एक टाकी पावसाळा संपता संपता भरून, डास शिरणार नाहीत अशी बंद ठेवली, तर नळाच्या पाण्याला हातही लावावा लागत नाही.