प्रचाराची पाटी आणि चार ओळींचे कार्ड

निवडणूक आली की गाव जागे होते. सुप्यात तर ते लगेच दिसते. नगर-पुणे रस्त्यावरचे हे गाव. पारनेर तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांची माणसे येथे येतात-जातात. जो तो विचारतो, "यंदा कोण कोण उभे आहे?"

उमेदवार एकटा. तो किती घरे फिरणार? त्याला माणसे लागतात. पैसा न घेता, आपल्या मनाने जो राबतो, तो स्वयंसेवक. हे काम गड्याला येते, तसे बाईलाही येते. ते कसे करावे, ते आता पाहू.

आधी मनाशी एक ठरवा. आपण कोणासाठी राबणार, आणि का? तो भावकीतला म्हणून? रात्री जेवण मिळते म्हणून? ही कारणे खरी नव्हेत. पाणी, रस्ता, शाळा, दवाखाना यांबद्दल त्याचे म्हणणे काय, ते त्यालाच विचारा. पटले, तर हात द्या. नाही पटले, तर राम राम करून घरी या.

आता पाटीचे पाहू. आपल्या देशात पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ साली झाली. मतदार सतरा कोटींच्या वर होते. त्यांतल्या बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हते. मग त्यांनी मत द्यावे कसे? त्यावर तोड निघाली. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी ठेवली. पेटीवर त्याचे चिन्ह चिकटवले. ज्याला बैलजोडीला मत द्यायचे, त्याने बैलजोडीच्या पेटीत कागद टाकायचा. पुढे त्या पेट्या गेल्या, यंत्रे आली. चिन्ह मात्र राहिले.

म्हणून पाटीवर चिन्ह मोठे काढावे. खाली उमेदवाराचे नाव आणि मतदानाची तारीख लिहावी. एवढे पुरे. एसटीत बसलेल्या माणसाला जाता जाता वाचता आले पाहिजे. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत पक्षांची चिन्हे नसतात. चिन्ह दर वेळी नवे मिळू शकते. तेव्हा तर पाटीचे काम फार मोलाचे.

पाटी लावण्याचेही नियम आहेत. दुसऱ्याच्या भिंतीवर त्याला विचारल्याशिवाय काही लिहू नये, चिकटवू नये. विरुद्ध बाजूची पाटी काढू नये, फाडू नये. पाटीचा खर्च आपल्या खिशातून करायचा असेल, तर उमेदवाराची लेखी संमती आधी घ्यावी. त्याच्या खर्चाचा हिशेब सरकारला द्यावा लागतो. संमतीवाचून असा खर्च करणे गुन्हा आहे.

छापील पत्रकाचे आणखी एक पाहावे. लोकसभा आणि विधानसभेच्या निवडणुकीला १९५१ चा कायदा लागतो. त्यात १२७-अ हे कलम आहे. पत्रकावर छापणाऱ्याचे आणि काढणाऱ्याचे नाव-पत्ता पाहिजे. नसेल, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. असे का? खोटेनाटे छापून कोणी लपून बसू नये म्हणून. बिननावाचे पत्रक कोणी हाती दिले, तर ते वाटू नका. हाताने लिहिलेली नक्कल मात्र या कलमात छपाई धरली जात नाही.

आणि येथेच आपले साधे पोस्टकार्ड कामाला येते. आपल्या देशात ते १८७९ सालापासून आहे. आपला तालुका दुष्काळी. पुष्कळ माणसे पोटासाठी मुंबई-पुण्याला गेलेली. ज्यांची नावे अजून गावच्या यादीत आहेत, त्यांना कळवायचे कोणी? मोबाईलवर दिवसाला शंभर निरोप येतात आणि जातात. हाताने लिहिलेले कार्ड घरातली सारी माणसे वाचतात. आता तुम्हांला लिहिता येते. मग असे लिहा :

"दादांना नमस्कार. आपल्या गावचे मतदान पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला आहे. यादीत तुमचे नाव मी पाहिले. मी ज्यांच्यासाठी काम करतो, ते वस्तीच्या पाण्याचे काम धरून आहेत. मला ते पटले. तुम्ही विचार करून मत द्या, पण जरूर या."

बस, एवढेच. पिनकोड घालावा. कार्ड पंधरा दिवस आधी टाकावे. भाड्याचे आमिष दाखवू नये. उमेदवाराने मतदारांना फुकट गाडीने आणणे, हा लोकसभा-विधानसभेच्या कायद्याने भ्रष्टाचार ठरतो.

काही गोष्टी मुळीच करू नयेत. जातीच्या किंवा धर्माच्या नावाने मत मागू नये. कोणाच्या घरच्या गोष्टी चव्हाट्यावर आणू नयेत. पैसा, दारू, साडी वाटू नये. मतासाठी पैसा देणारा गुन्हेगार, तसा घेणाराही गुन्हेगार. मतदान संपण्याच्या आधीचे ४८ तास सभा-मिरवणुका बंद ठेवाव्यात. मतदानाच्या दिवशी केंद्रापासून १०० मीटरच्या आत प्रचार नाही, चिन्हाची पाटीही नाही. ग्रामपंचायतीचे नियम राज्य निवडणूक आयोग ठरवतो. ते पारनेरच्या तहसील कचेरीत विचारून घ्यावेत.

एखादी मावशी दारात म्हणेल, "बाबा, मी कोणाला मत देते, ते तुला कळेल का रे?" तिला स्पष्ट सांगा, "नाही मावशी. मत गुप्त असते. मलाही कळत नाही, उमेदवारालाही कळत नाही." हे सांगितल्याने तुमचे एक मत कदाचित जाईल. पण मावशीची भीती जाईल. भीतीने दिलेले मत हे मतच नव्हे.

निकाल लागतो. एक जिंकतो, बाकीचे हरतात. दुसऱ्या दिवशी आपल्या पाट्या आपणच उतरवाव्यात. विरुद्ध बाजूला राबलेला माणूस शेजारीच राहतो. उन्हाळ्यात टँकर आला, म्हणजे हंडा घेऊन दोघांनाही एकाच रांगेत उभे राहायचे आहे. गाव करी ते राव न करी. म्हणून प्रचार जोरात करा, पण असा करा की निकालानंतर शेजाऱ्याच्या दारात जाताना मान खाली घालावी लागू नये.