आमच्याकडे चोऱ्या होत नाहीत!

मागच्या दिवाळीनंतरची गोष्ट. आमच्या सोसायटीतल्या 'बी' इमारतीत भरदुपारी घरफोडी झाली. नवरा-बायको नोकरीवर, आजी लेकीकडे गेलेल्या. कडीकोयंडा उचकटून कुणीतरी आत शिरलं आणि कपाटातल्या आजींच्या पाटल्या घेऊन गेलं. संध्याकाळी जिन्यात सगळे जमले आणि पोलिसांना कळवायचं की नाही, यावरच चर्चा सुरू झाली. एक जाणते गृहस्थ म्हणाले, ''दोन फ्लॅट विकायला निघालेत. पेपरात नाव आलं तर भाव पडेल. आणि पाटल्या काही परत मिळायच्या नाहीत.'' घरच्यांनाही ते पटलं. फिर्याद दिली गेली नाही आणि आमची सोसायटी कागदोपत्री सुरक्षित राहिली.

आज मला बोलायचं आहे ते या कागदोपत्री सुरक्षिततेबद्दल. घर घेताना आपण पाणी किती वेळ येतं, शाळा किती लांब आहे, हे विचारतो आणि मग हळूच विचारतो, ''इकडे चोऱ्यामाऱ्या कितपत?'' उत्तर ठरलेलं असतं, ''छे हो, आमच्याकडे तसलं काही नाही!''

गुन्हेगारीचा दर म्हणजे दर लाख लोकसंख्येमागे वर्षभरात नोंदले गेलेले दखलपात्र गुन्हे. देशभरचे हे आकडे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग प्रसिद्ध करतो. हा विभाग १९८६ साली स्थापन झाला. पण 'क्राइम इन इंडिया' हा वार्षिक अहवाल १९५३ सालापासून निघतो आहे. या व्याख्येतला 'नोंदले गेलेले' हा शब्द नीट ऐका. मोजणी चोरीपासून सुरू होत नाही, फिर्यादीपासून सुरू होते. फिर्याद नाही तर गुन्हा नाही, गुन्हा नाही तर आकडा नाही. म्हणूनच गुन्हे वाढणं आणि गुन्ह्यांची नोंद वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं हा विभाग स्वतःच बजावून सांगतो. एखाद्या पोलीस ठाण्याचा आकडा वाढला, तर तिथे चोर वाढले असतील, किंवा तिथला अंमलदार येणाऱ्या माणसाला बसवून घेऊन त्याचं ऐकत असेल.

मोजण्याच्या रीतीही लक्षात घ्यायला हव्यात. एका फिर्यादीत अनेक कलमं लागली, तरी मोजणीत धरला जातो तो सर्वांत गंभीर गुन्हा. चोरीसाठी घरात शिरलेल्याने खून केला, तर आकडा खुनाच्या रकान्यात जातो. कायदा बदलला की रकानेही बदलतात. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि हिसकावून केलेल्या चोरीला प्रथमच स्वतंत्र कलम मिळालं. तसंच, पाच हजार रुपयांच्या आतल्या मालाची साधी चोरी अदखलपात्र ठरली. म्हणजे रस्त्यावरून जुनी सायकल गेली, तर ती दराच्या हिशेबात येणारच नाही. चोर तेच, सायकल तीच. रकाना तेवढा बदलला. तेव्हा २०२४ च्या आधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी ठेवताना जपून.

भागाकारातही गंमत आहे. दादर किंवा पुण्याचं स्वारगेट घ्या. तिथे राहणारे मोजके, पण रोज ये-जा करणारे कितीतरी अधिक. गर्दीत पाकीट जातं बाहेरगावच्या माणसाचं. त्याला भागायचं मात्र तिथल्या रहिवाशांनी. मग तो भाग उगाच भयंकर वाटतो. उलट, समजा एखाद्या लहान वसाहतीत एका वर्षी दोन घरफोड्या झाल्या आणि पुढच्या वर्षी चार, तर बातमी होते 'घरफोड्या दुप्पट'. गणित बरोबर आहे, पण एवढ्याशा आकड्यांवरून निष्कर्ष काढण्यात अर्थ नाही. निदान चार-पाच वर्षांचे आकडे शेजारी मांडावेत. त्याहून महत्त्वाचं म्हणजे नुसतं 'किती' न विचारता 'कधी' आणि 'कुठे' विचारावं. घरफोडी दिवसा की रात्री? बंद घरात की माणसं असताना? वाहनं जातात ती रस्त्यावरून की पार्किंगमधून? दुपारच्या घरफोडीवर रात्रीचा वॉचमन हा उपाय नव्हे.

ही माहिती मिळते का? मिळते. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली दिलेल्या निर्णयानुसार, संवेदनशील गुन्हे वगळता, प्रथम खबरी अहवाल संकेतस्थळावर टाकावे लागतात. शिवाय माहितीचा अधिकार आहेच. फिर्यादीचं म्हणाल, तर दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाल्यावर गुन्हा नोंदवणं पोलिसांना बंधनकारक आहे, असं याच न्यायालयाने २०१३ साली ललिता कुमारी खटल्यात स्पष्ट केलं. आता खबर कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. इंटरनेटवरूनही देता येते. मात्र तीन दिवसांत सही करावी लागते. फिर्यादीची प्रत विनामूल्य मिळते, ती मागून घ्यावी. आणि चोरीला गेलेला मोबाइल 'गहाळ' म्हणून लिहू देऊ नये. गहाळ झालेल्या वस्तूला चोर नसतो, मग शोधणार कुणाला?

आता आमच्या सोसायटीची राहिलेली गोष्ट. तीन आठवड्यांनी 'डी' इमारतीत तशीच दुपार, तसाच उचकटलेला कोयंडा. या वेळी घरात एक वयस्क बाई झोपलेल्या होत्या. त्या आवाजाने उठल्या, धक्काबुक्की झाली, त्यांचं मनगट मोडलं आणि मंगळसूत्र गेलं. त्यांच्या मुलाने कुणालाही न विचारता फिर्याद दिली. पंचनाम्याच्या वेळी फौजदारांनी विचारलं, ''याआधी इथे असं काही घडलंय?'' आम्ही सगळे एकमेकांकडे बघत राहिलो. शेवटी 'बी' इमारतीतल्या आजीच पुढे झाल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं. फौजदार चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, ''दुपारची गस्त कुठे लावायची, ते आम्ही नोंदी बघून ठरवतो. तुमच्या गल्लीची नोंदच नव्हती.''

आधी सांगितलं असतं तर ते मनगट वाचलं असतं का? कोण जाणे. पण निदान शेजाऱ्यांनी दुपारी आतून कडी घातली असती. आम्ही चोरी लपवली ती चोरापासून नव्हे, त्याला तर ती ठाऊकच होती. लपवली ती शेजाऱ्यांपासून.

आजींनी दुसऱ्याच दिवशी ठाण्यात जाऊन आपली फिर्याद नोंदवली. पाटल्या अजून मिळालेल्या नाहीत. आमच्या भागाचा आकडा मात्र त्या वर्षी एकाने वाढला, आणि मला तो वाढलेला आकडाच जास्त आश्वासक वाटतो. यापुढे कुणी छाती फुगवून ''आमच्याकडे चोऱ्या होत नाहीत'' म्हणालं, तर एक प्रश्न जरूर विचारा : होत नाहीत, की सांगत नाही?