फोटोवर चढलेले टोळ

शिकागोतल्या एका उंच इमारतीवर टोळ चढतो आहे. बसएवढा. चढता चढता त्याचा पाय इमारतीच्या कडेबाहेर पडतो आणि चक्क आकाशावर टेकतो. कारण ती इमारत म्हणजे एक फोटो आहे, आणि मागचं आकाशही त्याच कागदावरचं.

हा १९५७ सालचा ‘बिगिनिंग ऑफ द एंड’. दिग्दर्शक बर्ट आय. गॉर्डन. त्याच्या तीन वर्षं आधी वॉर्नर ब्रदर्सनं ‘देम!’साठी यंत्रावर हलणाऱ्या अजस्र मुंग्या बनवून घेतल्या होत्या. गॉर्डनकडे तेवढा पैसा नव्हता. त्यानं आणि त्याची बायको फ्लोरा हिनं घरच्या गॅरेजमध्येच ट्रिक सीन उभे केले. टेक्ससहून दोनेकशे जिवंत टोळ मागवले. त्यांनी एकमेकांनाच खायला सुरुवात केली आणि शेवटच्या दृश्यांपर्यंत जेमतेम डझनभर उरले, असं सांगतात. तेवढ्यांवर त्यानं शिकागो उद्ध्वस्त केलं. अशा माणसाला हसावं, असं मला कधीच वाटलं नाही.

खरं तर एवढा मोठा टोळ उभाच राहू शकणार नाही. जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२६ सालच्या एका निबंधात यामागचं गणित मांडलं होतं. प्राणी दहापट लांब, रुंद आणि उंच केला की त्याचं वजन हजारपट होतं, पण पायाच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ शंभरपटच वाढतं. पायावरचा ताण दहापट होतो. शिवाय कीटकाला फुप्फुसं नसतात. अंगभर पसरलेल्या बारीक नळ्यांतून हवा आत शिरते, आणि एवढ्या थोरल्या देहात ती खोलवर पोचणारच नाही.

पडद्यावर हे वजन खोटं खोटं आणायचं असतं. त्याचा जुना उपाय म्हणजे कॅमेऱ्यातली फिल्म वेगात फिरवून चित्रण करायचं आणि नेहमीच्या वेगानं दाखवायचं. हालचाल मंदावते आणि मंद हालचाल डोळ्याला जड वाटते. छोट्या प्रतिकृतीत पाणी आणि आग मात्र दगा देतात. इमारत छोटी करता येते, थेंब छोटा करता येत नाही.

पण टोळाची भीती त्याच्या आकारात नसतेच. मे २०२० मध्ये अमरावती, वर्धा, नागपूरकडे टोळधाड आली, तेव्हा शेतकरी डबे वाजवत शेतात उभे होते. तो टोळ बोटाएवढा होता, पण थव्यात त्याची मोजदाद नव्हती. गॉर्डननं जीव मोठा केला आणि थवा हरवला. माझ्या मते त्याचा सिनेमा इथे फसला, फोटोमुळे नव्हे.

भीती आकारात नसते, ही गोष्ट कळली ती १९५९ च्या ‘द किलर श्रूज’ला. रे केलॉग दिग्दर्शक, टेक्ससमध्येच चित्रण, पैसा तुटपुंजाच. श्रू म्हणजे आपली चिचुंद्री. खऱ्या चिचुंद्रीची भूक दांडगी असते, सतत खावं लागतं. सिनेमातल्या चिचुंद्र्या कुत्र्याएवढ्या आहेत, कारण ती कुत्रीच आहेत. अंगावर केसाळ पांघरूण आणि तोंडात खोटे सुळे. उजेडात पाहिलं की लगेच कळतं. म्हणून सिनेमा त्यांना फारसं दाखवत नाही. वादळात अडकलेलं बेट, पावसानं भिजून मऊ पडलेल्या मातीच्या भिंती, आणि त्या भिंती पलीकडून उकरल्या जाण्याचा आवाज. मातीच्या घरात रात्र काढलेल्या माणसाला वेगळं काही सांगायला नको. पैसा नसल्यामुळे जे लपवावं लागलं, तेच इथे कामाला आलं.

आणि मग शेवट. वाचलेली माणसं रिकामी पिंपं एकमेकांना जोडतात, उलटी अंगावर घेतात आणि त्यांच्याखाली उकिडवी बसून, इंच इंच सरकत समुद्र गाठायला निघतात. बाहेर भुकेले जीव, आत घामेजलेले चेहरे आणि लोखंडाचा खडखडाट. कोट्यवधींच्या सिनेमांतही इतकी साधी, इतकी अंगावर येणारी सुटका मी क्वचितच पाहिली आहे.

‘द किलर श्रूज’ आता स्वामित्वहक्कातून मुक्त आहे, इंटरनेटवर फुकट मिळतो आणि सव्वा तासाच्या आत संपतो. कुत्री ओळखू येतील, येऊ द्या. दिवा मालवून पाहा, आणि भिंत उकरण्याचा आवाज सुरू झाला की तो कमी करू नका.