वेशीवरचा आडवा बांबू

पावसाळ्यापूर्वी पडवीची डागडुजी करावयास घेतली, तेव्हा अडगळीतून एक लांब, जून बांबू निघाला. सुतार म्हणाला, "गुरुजी, बांबू अजून खणखणीत आहे. वाशाला घालू का?" मी एकदम 'नको' म्हणून गेलो. का नको, ते मात्र त्याला सांगता आले नाही. वाचकहो, त्याला जे सांगता आले नाही ते आज आपणांपुढे ठेवीत आहे.

हा बांबू २०२० सालच्या मार्चअखेरीस आमच्या खेरडीच्या वेशीवर आडवा पडला होता, आणि काही रात्री त्याच्या अलीकडच्या बाजूस पहाऱ्यावर मी बसलो होतो.

आमचा मुलूख तो केवढा! दादरा आणि नगर हवेली मिळून ४९१ चौरस किलोमीटर. एका अंगाला गुजरात, दुसऱ्या अंगाला महाराष्ट्र. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा पोर्तुगीज अमलातून मुक्त झाले, तोवर येथे खऱ्याखुऱ्या सरहद्दी होत्या, नाके होते, पहारे होते. मुक्तीनंतर त्या सरहद्दी कागदावर उरल्या. आमच्या लेकी तलासरीकडे दिल्या गेल्या, सुना जव्हारकडून आल्या. भातनागलीची कापणी उरकली की आमच्या पाड्यांवरची कित्येक वारली कुटुंबे वीटभट्ट्यांवर जात, ती पावसाच्या तोंडावर परतत. वाटेत कोणते राज्य संपले आणि कोणते लागले याची त्यांना फिकीर नसे. इकडे बिहार, उत्तर प्रदेश, ओरिसा येथील हजारो माणसे आमच्या कारखान्यांत पोट भरावयास आली. २६ जानेवारी २०२० रोजी आमचा प्रदेश दमण व दीव यांच्याशी जोडला जाऊन एकच केंद्रशासित प्रदेश झाला, तेव्हा 'चला, आणखी एक रेघ पुसली गेली' असे मी मोठ्या उत्साहाने शेजाऱ्यांना सांगत होतो. पुरते दोन महिनेही लोटले नाहीत तोच पुसलेल्या साऱ्या रेघा परत उमटल्या.

२२ मार्चला जनता संचारबंदी झाली आणि २५ मार्चपासून एकवीस दिवसांची टाळेबंदी लागू झाली. प्रदेशाच्या सीमा बंद झाल्या. मग गावांनी आपापल्या वेशी बंद केल्या. आमच्या तरुणांनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंस दगड रचून त्यांवर हा बांबू टेकवला, त्यावर एक लाल फडके बांधले, आणि रात्रीच्या पहाऱ्याच्या पाळ्या लावल्या. मी साठी उलटलेला. मला कोणी बोलावले नव्हते. 'गुरुजी बसले तर लोक ऐकतील' असे कोणीसे म्हणाले, आणि मला ते गोड वाटले.

ख्रिस्तमंदिरेही बंद झाली. उपवासकाळ अर्ध्यावर आला असता पवित्र मिस्सा थांबावी, परमप्रसाद मिळू नये, असे माझ्या आयुष्यात कधी घडले नव्हते. आमच्या घरातील म्हातारी मंडळी तर हबकून गेली. पोप फ्रान्सिस (२१ एप्रिल २०२५ रोजी ते प्रभूच्या घरी गेले) २७ मार्चच्या संध्याकाळी रोममधील संत पेत्राच्या रिकाम्या चौकात भर पावसात एकटे उभे राहिले. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले होते. पाच माणसे एका भ्रमणध्वनीभोवती डोकी जुळवून बसलो होतो. १५२२ सालच्या प्लेगमध्ये रोमच्या रस्त्यांतून फिरवला गेलेला संत मार्चेल्लो मंदिरातील क्रूस त्यांनी तेथे आणवला होता, आणि त्यावरून पावसाचे पाणी ओघळत होते. पत्नीने डोळ्यांना पदर लावला. मी चित्र थांबूनथांबून का येत आहे याचीच कुरकुर करीत होतो, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

५ एप्रिलला झावळ्यांचा रविवार आला. त्या दिवशी आमच्या हाती आशीर्वादित झावळ्या नव्हत्या; पण पंतप्रधानांच्या आवाहनानुसार त्याच रात्री नऊ वाजता नऊ मिनिटे साऱ्या देशाने दिवे लावले. आम्ही उंबरठ्यावर पणती ठेवली, आणि तिच्यापुढेच जपमाळ म्हटली. पणती विझेपर्यंत कोणी उठले नाही. घरातच एक लहानसे ख्रिस्तमंदिर वसले, असे मला त्या रात्री वाटले.

मंदिर बंद ठेवणे म्हणजे श्रद्धा उणी पडणे, असे काही जण म्हणत. ते मला पटत नसे, अजूनही पटत नाही. १५७६ साली मिलान शहरात प्लेग आला असता तेथील महागुरू संत चार्ल्स बोरोमिओ यांनी चौकाचौकांत वेद्या उभारून मिस्सा अर्पण करविली. लोकांनी आपापल्या खिडक्यांतून ती पाहावी अशी योजना होती. म्हणजे अंतर राखणे ही काही नास्तिकांनी काढलेली युक्ती नव्हे. स्वतः बोरोमिओ मात्र खिडकीत बसले नाहीत. ते रोग्यांच्या झोपड्यांत गेले. आम्ही त्यांच्या चरित्रातील पहिला भाग उचलला आणि दुसरा सोयिस्करपणे विसरलो.

आपल्या देशात त्या वसंतात जो कायदा लागू झाला, तो १८९७ सालचा साथरोग कायदाच होता. मुंबईत १८९६ मध्ये प्लेग शिरला, त्यानंतर तो घाईघाईने केला गेला. त्याच काळात वांद्रे, गिरगाव इत्यादी ठिकाणच्या आपल्या ख्रिस्ती वस्त्यांनी कोपऱ्याकोपऱ्यावर क्रूस उभारले. त्यांपैकी कित्येक आजही रहदारीच्या गर्दीत उभे आहेत. त्याच वर्षी भायखळ्यात डॉक्टर हाफकिन यांनी प्लेगची लस प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. आणि त्याच वर्षी मुंढव्याहून प्लेग झालेल्या एका मुलास पाठीवर घेऊन सावित्रीबाई फुले आपल्या पुत्राच्या दवाखान्याकडे चालत गेल्या, व १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने निवर्तल्या. हा धडा मी शाळेत वर्षानुवर्षे शिकवला. मुलांना प्रश्नही घालीत असे: 'सावित्रीबाईंच्या जागी तुम्ही असता तर काय केले असते?' हात भराभर वर होत. माझाही हात मनातल्या मनात वर असे.

आता त्या रात्रीकडे येतो.

१२ एप्रिलला पुनरुत्थानाचा सण झाला. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, पहाऱ्यावर मी आणि दोन तरुण होतो. पहिली टाळेबंदी १४ तारखेस संपणार, उद्या संपली की सारे सुटणार, असेच आम्हांस वाटत होते. गावात निरनिराळ्या वावड्या उठत होत्या: रात्री वेष पालटून चोर हिंडतात, मुले पळवितात, कोणी विहिरीत काही टाकतात. मी हसत असे. पण काठी जवळ ठेवीत असे.

दहाच्या सुमारास रस्त्यावर तीन सावल्या दिसल्या. पुरुष, त्याची बायको, आणि त्याच्या खांद्यावर निजलेले पाचएक वर्षांचे मूल. बाईच्या डोक्यावर गाठोडे, हातात अॅल्युमिनियमचे पातेले. एका वीटभट्टीवरून ती निघाली होती. भट्टी थांबली, धान्य संपले, तेव्हा चार दिवस आडवाटेने चालत आली होती. विजेरीचा झोत तोंडावर पडताच मी त्याला ओळखले. चौथीपर्यंत तो माझ्या वर्गात होता. तो आपल्या ख्रिस्तसभेतील नव्हे, पण अक्षर फार वळणदार. वर्गाच्या फळ्यावर सुविचार मी त्याच्याकडूनच लिहवून घेत असे.

त्याने मला पाहिले आणि त्याचा जीव भांड्यात पडला, हे मला स्पष्ट दिसले. मी म्हणालो, "आत येता येणार नाही. चौदा दिवस बाहेर राहा." तो म्हणाला, "कोठे राहू, गुरुजी?" मी म्हणालो, "कोठेही."

तो वाद घालू लागला असता, चिडला असता, तर बरे झाले असते. त्याने मुलाला एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतले आणि तो वळला. बाईने एकदा मागे पाहिले. बरोबरच्या तरुणांपैकी एक जण म्हणाला, "बरे केलेत, गुरुजी; आम्हांला जमले नसते."

पहाटे मोहाची फुले वेचावयास गेलेल्या बायकांना ती तिघे झाडाखाली निजलेली आढळली. त्यांनी कोणालाही विचारले नाही. कोणी नाचणीची भाकरी नेली, कोणी पाण्याची कळशी, कोणी जुनी गोधडी. सारे वीस पावलांवर ठेवून मागे सरल्या. त्यांत माझी पत्नीही होती. अंतर त्यांनीही राखले, बरे का! तोंडाला पदर बांधला, हात धुतले, जे सांगितले गेले होते ते सारे पाळले. संध्याकाळी तिने मला विचारले, "तुम्ही त्यांना कोठे जा म्हणालात?" मी काही बोललो नाही. "सांगा ना," ती म्हणाली, "कोठे?"

त्यानंतर तीनच दिवसांनी, १६ एप्रिलच्या रात्री, आमच्या सीमेलगतच्या गडचिंचले गावात जे घडले ते साऱ्या देशाने पाहिले. सुरतेस आपल्या गुरूंच्या अंत्यविधीसाठी निघालेले दोन साधू आणि त्यांचा गाडीवान, चोर समजून जमावाने ठार मारले. शंभराहून अधिक माणसे पकडली गेली. पुढे या घटनेवरून पुष्कळ आरडाओरड झाली, ज्याने त्याने आपल्या सोयीचा शत्रू तिच्यात पाहिला. त्या वादात मला शिरावयाचे नाही. मला एवढेच दिसले की तेथेही वावड्या त्याच होत्या, रात्र तीच होती, काठ्या त्याच होत्या. आमच्या बांबूपाशी कोणी काठी उगारली नाही ही परमेश्वराची कृपा. त्यात आमचा मोठेपणा फार थोडा.

त्याच आठवड्यात गावाला सुचले, की शाळेची एक खोली रिकामी करून तेथे बाहेरून येणाऱ्यांस चौदा दिवस ठेवावे. खोली झाडली, दोन मडकी ठेवली, शौचालयाची किल्ली खिळ्याला लावली. या कामास दोन तास लागले. पहिली ती तिघे तेथे राहिली, आणि त्यांना काहीही झाले नाही. ते दोन तास सोमवारी का सापडले नाहीत? बांबू आडवा घालावयास आम्हांला अर्धा तास पुरला होता. रोगाला अडविण्यासाठी दार लावणे उचितच होते. पण दाराबाहेरच्या माणसाची सोय न पाहता लावलेले दार, ते कशासाठी लावले हे लावणाऱ्याच्या मनाला ठाऊक असते.

पोप फ्रान्सिस यांनी २० मार्चच्या प्रवचनात सांगितले होते, की धर्मगुरू भेटत नसतील तर थेट परमेश्वराजवळ मनापासून पश्चात्ताप करा, आणि पुढे संधी मिळताच पापनिवेदन करा. त्यातील पहिला भाग मी केला. दुसऱ्या भागाचे कर्ज कित्येक महिने डोक्यावर राहिले. शेजारच्या महाराष्ट्रात तर प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबरला उघडली. अखेरीस मी पापनिवेदनास बसलो आणि सारे सांगितले. फादर बराच वेळ गप्प होते. प्रायश्चित्त म्हणून दहा 'नमो मरिया' सांगतील अशी माझी अपेक्षा. त्यांनी विचारले, "त्याचे घर ठाऊक आहे ना?"

घर ठाऊक होते. पाय उचलत नव्हता.

मार्च २०२१ मध्ये साठीच्या वरच्यांस लस मिळू लागली. पुण्यात तयार झालेली ती लस मी लगेच टोचून घेतली, आणि पाड्यापाड्यावर लोकांस समजावीत हिंडू लागलो. कारण लसीने माणूस मरतो, अशा नव्या वावड्या उठल्या होत्या. त्या निमित्ताने त्याच्या अंगणात गेलो. त्याने ऐकून घेतले. मग शांतपणे म्हणाला, "गुरुजी, तेव्हा रोग माझ्या अंगात आहे म्हणालात. आता औषधही माझ्याच अंगात घालता?" अंगणातल्या चार माणसांनी ते ऐकले. त्या पाड्यावर त्या दिवशी कोणीही लस घ्यावयास तयार झाले नाही, आणि मी त्यांना दोष देऊ शकलो नाही.

दुसऱ्यांदा गेलो, तो घरी नव्हता. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा लसीचे नाव काढले नाही. त्याच्या बायकोसमोर म्हणालो, "त्या रात्री मी चुकलो. तुम्हांला खोली द्यावयास हवी होती." तो बराच वेळ नागलीच्या पेंढ्याशी चाळा करीत राहिला. माफ केले असे तो म्हणाला नाही. मीही पुन्हा विचारले नाही. बाईने पाण्याचा तांब्या आणून ठेवला.

मे महिन्यात तरुणांचे लसीकरण सुरू झाले. दुसऱ्या लाटेने तोवर आसपासची कित्येक घरे उजाड केली होती. एके सकाळी लसीच्या रांगेत नावे लिहून घेण्याच्या कामावर मी बसलो असता तो आला. बायको बरोबर होती, आणि मूलही. आता ते स्वतःच्या पायांनी चालत होते. त्याने आपले नाव सांगितले, मी लिहिले. सही करावयास त्याने लेखणी घेतली. अक्षर अजून तसेच वळणदार होते. टोचून झाल्यावर अर्धा तास थांबावयाचे असे. बाकावर माझ्या शेजारी जागा होती. तो एक जागा सोडून बसला. मूल मात्र मधल्या रिकाम्या जागेत येऊन बसले आणि मला विचारू लागले, "दुखते का?"

मी म्हणालो, "थोडे दुखते."