खेळ कंपनीचा, पात्रे कोणाची?

व्हिडिओ गेम चालला की त्याच्या नावावर दप्तरे, टोप्या, खेळणी निघतात, तशी चित्रकथेची मासिकेही निघतात. टोपीवर नुसते चित्र छापून भागते. मासिकाला मात्र दर महिन्याला नवी गोष्ट लागते, आणि ती कोणाला तरी बसून लिहावी लागते. या धंद्यातले एक प्रकरण आपल्या व्यापारी व कारागीर बंधूंनी समजून घेण्यासारखे आहे.

जपानच्या सेगा कंपनीने १९९१ मध्ये ‘सोनिक द हेजहॉग’ हा गेम आणला. निळ्या रंगाचा एक काटेरी प्राणी धावतो, कड्या गोळा करतो आणि दुष्ट शास्त्रज्ञाची यंत्रे मोडतो, एवढीच त्यातली कथा. अमेरिकेतील आर्ची कॉमिक्सने परवाना घेऊन १९९३ पासून त्याचे नियमित मासिक सुरू केले. त्याचे २९० अंक निघाले.

१९९४ ते २००६ या काळात मासिकाच्या लेखनाचा मोठा भार केन पेंडर्स यांनी उचलला. काम हुन्नराचे आहे. लेखक आधी कथेचा सारांश देतो. त्याला मंजुरी मिळाली की कोणत्या चौकटीत काय दिसेल आणि कोण काय बोलेल, हे पानवार लिहितो. मग पेन्सिलवाला, शाईवाला, अक्षरे लिहिणारा, रंग भरणारा, अशा हातांतून पान तयार होते. आपल्याकडे कापणी एकाची, भरतकाम दुसऱ्याचे आणि इस्त्री तिसऱ्याची असते, तसेच हे.

गेममध्ये ‘नकल्स’ नावाचे पात्र आहे. ते आपल्या जमातीतले शेवटचे, एकटेच एका पाचूची राखण करणारे. एकट्या राखणदारावर किती महिने गोष्ट लिहिणार? पेंडर्स यांनी त्याला बाप दिला, आजे-पणजे दिले, सारी जमात उभी केली. १९९७ मध्ये नकल्सचे स्वतंत्र मासिक निघाले. त्याचे ३२ अंक झाले.

पुढे पेंडर्स यांनी आपण निर्माण केलेल्या पात्रांची कॉपीराइट नोंदणी स्वतःच्या नावावर करून घेतली. २०१० मध्ये आर्चीने न्यूयॉर्कच्या न्यायालयात दावा लावला की हे सारे आम्ही पैसे देऊन करून घेतलेले काम आहे, मालकी आमची. अमेरिकेचा कायदा अशा वेळी विचारतो, बाहेरच्या माणसाकडून काम घेतले तर दोघांच्या सहीचा कागद कुठे आहे? आर्चीने करारनाम्याची छायाप्रत पुढे केली. मूळ कागद आला नाही, आणि पेंडर्स यांनी ती प्रत मान्य केली नाही. २०१३ मध्ये तडजोड झाली आणि नोंदणी पेंडर्स यांच्याकडेच राहिली. त्याच वर्षी आर्चीने मासिकातले जग नव्याने मांडले आणि ती पात्रे गाळली. वर्षानुवर्षे वाचणाऱ्या मुलांना आवडती माणसे एकाएकी दिसेनाशी झाली, त्यांचा यात काय गुन्हा?

आमच्या मते यात ढिलाई मालकाची. बारा वर्षे काम घ्यायचे आणि एक कागद कपाटात नीट ठेवायचा नाही, हा कुठला कारभार? पण लेखकाचीही पूर्ण जीत झाली असे नाही. सोनिक आणि नकल्स सेगाचे. पात्रे हाती आली, पण ज्यांच्यामुळे ती खपत होती ते दोघे नाहीत.

आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाची मालकी, वेगळा करार नसल्यास, सामान्यतः धन्याची असते. हक्क दुसऱ्याच्या नावे करून द्यायचा तर देणाऱ्याच्या सहीचा लेख लागतो. त्या लेखात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. मोठे कंत्राट देताना-घेताना हे ओळखीच्या वकिलाला जरूर विचारावे.

आर्चीचे मासिक २०१७ मध्ये बंद झाले. २०१८ पासून आयडीडब्ल्यू या दुसऱ्या प्रकाशकाने सोनिक पुन्हा सुरू केला. लेखक इयान फ्लिन, म्हणजे २००६ मध्ये पेंडर्स यांच्या जागी आलेलेच. या मासिकात गेममधली पात्रे आहेत आणि काही नवी, पण ही नवी पात्रे सेगाच्याच मालकीची. त्यांतले ‘टँगल’ पुढे सेगाच्या मोबाइल गेममध्येही आले.